प्रोग मेटल जास्त खपतं का बाकीचा प्रोग रॉक? (गड्ड्यावरच्या एका टी-शर्टवरून)

धोटा · १६ जानेवारी, रात्री १०.४०
काल गड्ड्याला, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, गेलो होतो. पोरं पाळण्यात, बायको बांगड्यांपाशी आणि मी होम मैदानाच्या कडेला टी-शर्टच्या एका गाळ्यासमोर उभा. दोरीला नेहमीचा माल लटकलेला: महाराजांची मुद्रा, सिनेमातले दाढीवाले, 'सोलापुरी' असं जाड अक्षरात लिहिलेले, आणि मधोमध पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडचा प्रिझम. सतरा-अठराचा एक पोरगा आला आणि म्हणाला, "ओ, ते त्रिकोणवालं दाखवा की." मला राहवलं नाही. विचारलं, हे कुणाचं आहे माहितीय का? तर म्हणाला, "कंपनी असंल, काका."

सोबत भाचा होता. इंजिनिअरिंगला आहे, बारा महिने काळा शर्ट घालतो, एप्रिलातल्या सोलापूरच्या उन्हातसुद्धा. तो लगेच: "बघ मामा. तुझा प्रोग रॉक आता कापडावरच उरलाय. ऐकणारे, पैसे मोजणारे सगळे प्रोग मेटलकडं आहेत." घरी येईपर्यंत हेच चाललं होतं. शेवटी पैज लागली.

माझं म्हणणं असं. फ्लॉइडची मार्च १९७३ मधली ती प्रिझमवाली रेकॉर्ड १९८८ पर्यंत अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ७४१ आठवडे होती. तेवढ्या आठवड्यांत पाळण्यातलं पोर नववीत जातं. प्रोग मेटलमध्ये याच्या जवळपास जाणारं काय आहे? भाच्याचं उत्तर: टूल हा बँड. २००१, २००६ आणि २०१९, लागोपाठ तीन अल्बम पहिल्या नंबरवर. मी म्हटलं, पहिल्या आठवड्यात नंबर लागणं वेगळं आणि चौदा वर्षं मुक्काम ठोकणं वेगळं.

तर जाणकारांनी सांगावं: रेकॉर्डी, तिकिटं, जे धरायचं ते धरून, खप कुणाचा जास्त? हरणाऱ्यानं मटण आणि कडक भाकरी द्यायची आहे, तेव्हा जरा जबाबदारीनं लिहा.

शेंगाचटणी · रात्री १०.५२
रुमाल टाकून ठेवतो. विषयाला शोभेल असा काळा.

कंबरतलाव · रात्री ११.०५
बाळबोध प्रश्न. प्रोग म्हणजे काय? मी प्रोग्रॅमिंगचा धागा समजून उघडला.

जुनीकॅसेट · रात्री ११.३८
@कंबरतलाव, साठच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडातल्या काही पोरांना तीन मिनिटांची प्रेमगीतं पुरेनाशी झाली. त्यांनी रॉकमध्ये शास्त्रीय संगीत, जॅझ, ऑर्गन, बासरी, सापडेल ते घातलं, ताल वाकडे केले आणि एकेक गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू भरेल इतकं लांबवलं. किंग क्रिमसनचा पहिला अल्बम १९६९चा, बहुतेक लोक गणपती तिथं बसवतात. मग येस, जेनेसिस, इमर्सन लेक अँड पामर (ईएलपी), जेथ्रो टल. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या पोरांनी हाच कारभार मेटलच्या आवाजात सुरू केला. ते प्रोग मेटल.

आता थोडं अवांतर. १९८६ साली माझ्या एका मावसभावानं पुण्याहून ९०ची कॅसेट भरून आणली होती. एका बाजूला हाच प्रिझमवाला अल्बम, दुसऱ्या बाजूला त्यांचाच १९७५चा. दोन्ही पंचेचाळीस मिनिटांच्या आतले, त्यामुळं एकेका बाजूला बरोब्बर बसायचे, शेवटी सुईएवढी जागा उरायची. आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरात समोरच्या यंत्रमागांची खटखट चोवीस तास. अल्बमच्या सुरुवातीचे हृदयाचे ठोके मला पहिली दोन वर्षं मागाचेच वाटत होते. पुढं हेडफोन घेतल्यावर कळलं, ते खरंच कॅसेटमध्ये आहेत.

खपाचं म्हणाल तर प्रश्नच नाही. फ्लॉइड. धागा बंद करा.

पुण्यातला_सोलापूरकर · १७ जानेवारी, सकाळी ८.१५
काका, धागा इतक्या लवकर नाही बंद होत. फ्लॉइड बाजूला ठेवा आणि मग बाकीच्या प्रोग रॉकचा हिशोब करा. या बँडना मोठे हिट कधी मिळाले ते बघा.

येस: अमेरिकेत पहिल्या नंबरचं एकमेव गाणं १९८३चं, साडेचार मिनिटांचं, नाचता येईल असं. वीस-वीस मिनिटांच्या गाण्यांनी त्यांचं नाव झालं, पण एक नंबर मिळाला तो दाढी-मिशा काढल्यावर. जेनेसिस: एक नंबर १९८६ मध्ये, तोपर्यंत फिल कॉलिन्सच्या हातात सगळं आलेलं आणि गाणी शुद्ध पॉप. गंमत म्हणजे त्यांना त्या जागेवरून हटवलं ते त्यांचाच जुना गायक पीटर गॅब्रिएलनं, तोही पॉप गाऊन. एशिया: येस, क्रिमसन आणि ईएलपीचे दिग्गज १९८२ मध्ये एकत्र आले, त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यात जास्त खपलेला अल्बम त्यांचा. त्यात 'प्रोग' किती? चहात वेलची असते तितकं.

म्हणजे प्रोग रॉक खपला तो प्रोग सोडल्यावर. मेटलवाल्यांना असं करावं लागलं नाही.

काळाशर्ट · सकाळी ८.४०
+१००. उलट मेटलमध्ये छोटं करायला गेलं की आपटी. ड्रीम थिएटरचं बघा. १९९२ मध्ये आठ मिनिटांचं गाणं रेडिओवर चाललं. मग कंपनी मागं लागली, असलं अजून द्या पण सुटसुटीत द्या. १९९७च्या अल्बममध्ये बाहेरचा हिटवाला गीतकारसुद्धा आणून बसवला. फॅन नाराज, बँड फुटायची वेळ. शेवटी कंपनीनं हात वर केले, आणि १९९९ मध्ये त्यांनी पुनर्जन्माची गोष्ट सांगणारा सव्वा तासाच्या वरचा सलग अल्बम काढला. आज विचारा कुठल्याही फॅनला, कुठला आवडतो ते.

शेंगाचटणी · सकाळी ८.४४
याच ड्रीम थिएटरनं २००८ मध्ये संग्रह काढला त्याच्या नावाचा अर्थ होता 'सर्वांत मोठा हिट (आणि इतर २१ बरी गाणी)'. हिट एकवचनी. स्वतःची एवढी प्रामाणिक बॅलन्सशीट मी आमच्या पतसंस्थेत पण पाहिली नाही.

जुनीकॅसेट · सकाळी ९.३०
@पुण्यातला_सोलापूरकर, सिद्धांत देखणा आहे पण भोक आहे. रश. १९७५चा त्यांचा अल्बम पडला, कंपनी म्हणाली आता छोटी गाणी करा. त्यांनी १९७६ मध्ये वीस मिनिटांचं एकच गाणं पहिल्या बाजूला टाकलं, आणि तोच त्यांना वर घेऊन गेला. हे मेटल नव्हे आणि पॉपही नव्हे.

आणि @काळाशर्ट, तुमच्या मेटलवाल्यांचा रेडिओवरचा सगळ्यात मोठा हिट कुठला? क्वीन्सराइकचं ते अंगाईगीत, १९९०च्या अल्बममधलं. अमेरिकेत नवव्या नंबरवर गेलं, अल्बम तीस लाखांवर गेला. त्यात मेटल किती? अकूस्टिक गिटार आणि व्हायोलिनं. वाद्यवृंद बांधला होता मायकेल केमननं, ज्यानं फ्लॉइडच्या १९७९च्या भिंतीवाल्या अल्बमचा बांधला होता. ऐका आणि सांगा, फ्लॉइड आठवतो का नाही. मेटलला एकदाच सगळ्यांच्या घरात जायला मिळालं ते पण फ्लॉइडचा सदरा घालून.

पुण्यातला_सोलापूरकर · सकाळी ९.५१
अंगाईगीत मान्य. रश अर्धं मान्य, कारण पुढं त्यांचा सगळ्यात जास्त खपलेला अल्बम १९८१चा, आणि त्यात गाणी आखूडच झालेली आहेत. दहा मिनिटांच्या वर एकच.

सातमात्रा · सकाळी ११.०२
मी तबला शिकवते, जुळे सोलापुरात. रॉकमधलं फार कळत नाही, पण एका विद्यार्थ्यानं मला फ्लॉइडचं ते पैशावरचं गाणं ऐकवलं, गल्ल्याचे आवाज असलेलं. म्हणाला, मॅडम, रूपक आहे. सात मात्रा आहेत हे खरं, पण रूपक नाही हो. रूपकात समेवरच खाली असते, पहिलं पाऊल हलकं पडतं. इथं पहिल्या मात्रेवर बास कसा दाबून येतो! पखवाजाचा तेवरा म्हणा हवं तर. आणि गिटारवाला सोलोला आला की हे सात सोडून सरळ चारात जातात. मला तर हसू आलं. आमच्याकडे ज्याला सात झेपत नाहीत त्याला गुरुजी घरी पाठवतात.

जुनीकॅसेट · सकाळी ११.१५
मॅडम, झेपत नाहीत म्हणून नव्हे, सोलो मोकळा व्हावा म्हणून!

सातमात्रा · सकाळी ११.१८
सगळे विद्यार्थी हेच सांगतात.

काळाशर्ट · सकाळी ११.४०
मॅडम, तुम्ही मेशुगा ऐका. ड्रमरचा एक हात चारात चालतो आणि गिटार-पाय सतरा, तेवीस असल्या कुठल्या तरी आकड्यात. मग कितीतरी आवर्तनांनी दोन्ही एकत्र समेवर येतात. माझ्या हॉस्टेलच्या रूममेटला मी हे समजावत होतो, तो म्हणाला, सम आल्यावर उठव.

कंबरतलाव · दुपारी १२.१०
हे सगळं छान आहे पण गाण्यात ओरडतात का?

काळाशर्ट · दुपारी १२.११
सगळे नाही.

धोटा · दुपारी १२.३०
काळाशर्ट, तू कोण आहेस रे? हॉस्टेल, रूममेट, बारा महिने काळं...

काळाशर्ट · दुपारी १२.३४
मामा, मीच.

शेंगाचटणी · दुपारी १२.३५
😂😂 मेलो. धागाकर्त्याच्या घरातच घरभेदी.

धोटा · दुपारी १२.५०
ठीक आहे. ताईला सांगतो, पोरगं लेक्चरच्या वेळात धाग्यावर असतं. पुढं बोला.

छापखाना · दुपारी ३.२०
नमस्कार मंडळी. वाचनमात्र असतो, आज लिहावं लागलं. तो गाळा माझाच. धोटा साहेब, तुम्ही बराच वेळ उभे होता आणि काही घेतलं नाही, मला आठवतंय.

टी-शर्टचा हिशोब सांगतो, कारण इथं सगळे अमेरिकेच्या यादीवर भांडतायत आणि माझ्याकडं रोजचा गल्ला आहे. त्रिकोणवालं दिवसाला आठ-दहा जातंच. घेणाऱ्यांत ऐकणारे किती? मी विचारत नाही, धंद्यात विचारायचं नसतं. टूलचं डोळ्यांचं एक डिझाईन पोरांनी मागितलं म्हणून वीस नग मारले होते, तीन दिवसांत दोन गेले. पण फरक ऐका. त्रिकोणवाला घासाघीस करतो, दोनशेचा दीडशे कर म्हणतो. टूलवाल्या दोघांनी किंमत न विचारता घेतलं, आणि दोघांनीही विचारलं, "ओपेथ आहे का?" ओपेथ काय हे मला गूगलवर बघावं लागलं. म्हटलं असं गिऱ्हाईक बारा महिने मिळालं तर मी गड्ड्यावर कशाला बसेन.

जुनीकॅसेट · दुपारी ३.४१
@छापखाना, तुमच्या त्रिकोणातून रंग किती निघतात?

छापखाना · दुपारी ३.४५
सात. इंद्रधनुष्य आहे ना. तानापिहिनिपाजा.

जुनीकॅसेट · दुपारी ३.४९
अस्सल कव्हरवर सहाच आहेत. पारवा नाही. घरी जाऊन मोजा.

छापखाना · दुपारी ३.५२
काय सांगता!! अहो एक रंग म्हणजे एक स्क्रीन. तीन वर्षं मी एक स्क्रीन जास्तीची बनवतोय?

शेंगाचटणी · दुपारी ३.५५
आणि रॉयल्टीचं काय शेठ?

छापखाना · दुपारी ३.५६
गड्ड्यावर रॉयल्टी विचारत नाहीत.

संपादक · संध्याकाळी ५.००
धागा 'कलादालन'मधून 'संगीत' विभागात हलवला आहे. नकली मालाची चर्चा इथंच थांबवावी.

पार्कचौक · संध्याकाळी ७.२५
हा वाद मला मुळातच पटत नाही. टूल प्रोग मेटल आहे हे कुणी ठरवलं? त्यांना विचारलं तर ते तरी हो म्हणतील का? २०२५च्या मे महिन्यात स्लीप टोकन अमेरिकेत आणि इंग्लंडात पहिल्या नंबरवर आले. मुखवटे घालून गातात, मध्येच पियानो, मध्येच रॅपसारखं, मध्येच गुरगुर. ते पण प्रोग मेटल? आणि २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनात वाजवणारे गोजिरा? मग जे मोठं झालं ते सगळं आपलं म्हणायचं आणि काळाशर्टला मटण द्यायचं. तिकडं काका फ्लॉइडला धरून बसलेत. कित्येक जण तर फ्लॉइडला प्रोगच मानत नाहीत, नुसता 'क्लासिक रॉक' म्हणतात. दोन्ही बाजूंनी आपापला पैलवान बाहेरून आणलाय.

काळाशर्ट · संध्याकाळी ७.४०
टूल प्रोग मेटल नाही? एका गाण्यात शब्दांचे उच्चार १, १, २, ३, ५, ८ अशा फिबोनाचीच्या आकड्यांनी वाढत जातात. मग ते काय, लावणी?

पार्कचौक · संध्याकाळी ७.४२
लावणीत पण मोजतात बाळा. तुझ्यापेक्षा बरं मोजतात.

पुण्यातला_सोलापूरकर · रात्री ९.१०
पार्कचौक यांचा मुद्दा बरोबर आहे, म्हणून पैलवान सोडून आखाड्याकडं बघू.

मी २००९ मध्ये शिकत होतो. त्या वर्षाच्या सुरुवातीला आयआयटी मद्रासच्या सारंग महोत्सवात ओपेथ, स्वीडनचे प्रोग मेटलवाले, आले. मुंबई-चेन्नई गाडी सोलापुरातून जाते, तेवढाच आपल्या गावाचा मेटलशी संबंध. मी आणि एक मित्र, जनरल डबा, गुंतकलपर्यंत दाराशी उभे. मैदानात शिरलो तर सगळीकडं काळे शर्ट, आणि गुरगुरण्याचे शब्दसुद्धा पब्लिकला पाठ. त्याच वर्षी डिसेंबरात आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोला पॉर्क्युपाईन ट्री. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघालो, सकाळी मुंबई, लोकलनं कांजूरमार्ग, तिथून रिक्षा. पॉर्क्युपाईन ट्री म्हणजे प्रोग रॉक, शांत, उदास, हळू. आणि पब्लिक कोण? तेच! चेन्नईत माझ्या शेजारी उभा असलेला बंगळूरचा एक पोरगा पवईत परत भेटला, अंगावर तोच ओपेथचा शर्ट.

याला कारण आहे. पॉर्क्युपाईन ट्रीचा स्टीव्हन विल्सन ओपेथच्या २००१च्या अल्बमचा निर्माता होता. त्यानंतर त्याच्या स्वतःच्या बँडमध्ये पण जड गिटार शिरली, आणि मेटलची पोरं तिकडं वळली. म्हणजे नव्या प्रोग रॉकला उभं राहायला जागा मिळाली ती मेटलच्या आखाड्यात. मेटलला जत्रा आहेत. जर्मनीत व्हाकेन १९९० पासून भरतं, इंग्लंडात डाउनलोड नावाची जत्रा. त्या डाउनलोडला २०१९ मध्ये टूल आणि २०२५ मध्ये स्लीप टोकन मुख्य मानकरी होते. प्रोग मेटलवाल्याला त्या गड्ड्यावर गाळा मिळतो. नुसत्या प्रोग रॉकवाल्याला कुठली जत्रा आहे? त्याला स्वतःचा मांडव स्वतः घालावा लागतो. मॅरिलियननं तेच केलं. २००१चा अल्बम बनवायच्या आधीच फॅनकडून पैसे गोळा केले, बारा हजारांवर लोकांनी न ऐकता पैसे भरले.

सातमात्रा · रात्री ९.३२
हे मांडवाचं आवडलं. आणि ते किंग क्रिमसन, ज्यांना गणपतीच्या जागी बसवलंत, त्यांची काय परिस्थिती?

पुण्यातला_सोलापूरकर · रात्री ९.४०
२००१ मध्ये क्रिमसननं टूलच्या दौऱ्यात टूलच्या आधी वाजवलं.

सातमात्रा · रात्री ९.४४
म्हणजे गुरूनं आधी गायचं आणि शिष्यानं मैफल संपवायची? आमच्याकडं यावरून घराणी फुटतील.

काळाशर्ट · रात्री ९.४६
मॅडम, यावरूनच मी पैज जिंकली असं लिहून देता का?

जुनीकॅसेट · रात्री १०.०५
लिहून देऊ नका. फ्लॉइडचा जुना गायक-बासवाला रॉजर वॉटर्स २०१० ते २०१३ फक्त तो भिंतीवाला अल्बम घेऊन जग फिरला. तिकिटांचे ४५ कोटी डॉलरहून जास्त झाले. एक माणूस, एक तीस वर्षांपूर्वीचा अल्बम. तुमचे सगळे मुखवटे एका तागडीत घाला.

आणि मेटल-मेटल करताय म्हणून आठवण: १९८९ मध्ये ग्रॅमीवाल्यांनी हार्ड रॉक आणि मेटलचं पहिलं बक्षीस ठेवलं. सगळ्यांना वाटलं मेटॅलिका. मिळालं जेथ्रो टलला! बासरीवाल्यांना! मेटॅलिकाचे फॅन अजून शिव्या घालतात. टलच्या कंपनीनं मग जाहिरातच दिली, बासरी हे जड, धातूचं वाद्य आहे म्हणून.

शेंगाचटणी · रात्री १०.०९
आमच्या गल्लीतला बँड पण मग मेटल. पितळेचा आहे.

कंबरतलाव · रात्री १०.३०
धाग्यावरून मी आज येस, जेनेसिस, टूल, तिघांची लांब गाणी ऐकली. आमच्या भागात पाणी चार दिवसांआड येतं, आज वार होता. मोटर लावली आणि जेनेसिसचं तेवीस मिनिटांचं लावलं. गाणं संपलं आणि वरची टाकी वाहायला लागली. आता दर वेळी हेच लावणार. नवरा म्हणतो, घड्याळ बघ. म्हटलं तुला नाही कळायचं.

ओरडणारे आवडले नाहीत. टूलचा गायक ओरडत नाही जास्त, तो चालेल.

पार्कचौक · रात्री १०.४८
टाकीवरून आठवलं. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजलं की एक प्ले. मग तीन मिनिटांचं गाणं असो की तेवीसचं, मोजणी एकच. म्हणजे तुमची एक टाकी भरेपर्यंत जेनेसिसला एक प्ले आणि तेवढ्याच वेळात पॉपवाल्याला सात. लांब गाणी करणाऱ्यांना, मेटल असो की नसो, या युगात मुळातच तोटा.

काळाशर्ट · रात्री ११.०२
म्हणूनच टूल २०१९च्या ऑगस्टपर्यंत तिथं गेलेच नाहीत. आणि नवा अल्बम काढला तो सीडीच्या खोक्यात चार इंची स्क्रीन आणि स्पीकर बसवून. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत दोन लाख सत्तर हजार, त्यातला बहुतेक माल खरोखर विकत घेतलेला. टेलर स्विफ्टला खाली ढकललं. दहा मिनिटांच्या वरचं गाणं अमेरिकेच्या हॉट १०० या गाण्यांच्या यादीत पहिल्यांदा गेलं ते त्यांचंच. मामा, तेरा वर्षं नवीन अल्बम नव्हता तरी लोक थांबले होते. तुमच्या त्रिकोणवाल्यांपैकी किती जण तेरा वर्षं थांबतील?

धोटा · १८ जानेवारी, सकाळी ७.५०
रात्री झोप लागली नाही, मटणाच्या काळजीनं नव्हे.

आमचे तीन पिढ्यांचे यंत्रमाग. आजोबांनी चादरी विणल्या, जेकार्डवर, मोराच्या न् फुलांच्या. अजून कुणी बाहेरगावी भेटलं आणि सोलापूरचा म्हटलं की पहिला शब्द 'चादर'. पण कारखान्यात आज काय चालतं? टॉवेल. टेरी टॉवेल. बाहेरदेशी जातो, कुणी त्यावर सोलापूरचं नाव वाचत पण नाही, पण वीजबिल, पगार, हप्ते सगळं टॉवेलवर. चादरीचे माग उरलेत थोडे. नाव चादरीचं आणि धंदा टॉवेलचा.

पुण्यातल्या साहेबांचं वाचताना हेच डोक्यात आलं. फ्लॉइड म्हणजे आमची चादर. एकूण खपाचा आकडा काढला तर तिला कुणी हात लावू शकत नाही, आणि तो आकडा अजून वाढतोच आहे. पण आज ज्या कुणाला लांब गाणं, वाकडा ताल, डोकं खाणारी रचना करून पोट भरायचं आहे, त्याचा माग मेटलवर चालतो. तेव्हा प्रश्न चुकीचा विचारला मी. 'खपलं किती' म्हटलं तर मी जिंकलो. 'खपतं कुणाचं' म्हटलं तर भाचा.

धाग्याच्या नावात मी 'खपतं' लिहिलंय. हे आत्ता लक्षात आलं.

काळाशर्ट · सकाळी ७.५८
स्क्रीनशॉट घेतला.

जुनीकॅसेट · सकाळी ८.२०
धोटा, शरणागती फार लवकर पत्करलीत. टॉवेल पुसून झाला की फेकतात, चादर नातवाला जाते.

पुण्यातला_सोलापूरकर · सकाळी ८.३१
काका, तुमच्या नातवानं कधी ऐकलाय का फ्लॉइड?

जुनीकॅसेट · सकाळी ८.५५
त्याला स्लीप टोकन आवडतं. यावर अधिक बोलणार नाही.

शेंगाचटणी · सकाळी ८.५६
मटण मामाचं, भाकरी भाच्याची, चटणी माझ्याकडून. रविवारी कुठं यायचं तेवढं सांगा.

छापखाना · २३ जानेवारी, रात्री ९.१५
धागा वर काढतोय, माफी. माझा गाळा आज उठला, हिशोब देतो म्हटलं. त्रिकोणवालं एकूण ८४. टूल ९, त्यातले ५ काळाशर्टच्या ग्रुपनं एकाच दिवशी नेले (हे मॅच फिक्सिंग धरावं). ओपेथ मागणारे ७ झाले, माल नव्हता. पुढच्या वर्षी ओपेथ मारणार, आणि त्रिकोण सहा रंगांत. काकांमुळं एक स्क्रीन वाचली, त्यांना एक शर्ट फुकट.

तो पहिल्या दिवशीचा "कंपनी असंल" म्हणणारा पोरगा काल परत आला होता, शर्ट हातात घेऊन. माझ्या पोटात गोळा आला, म्हटलं यानं पण रंग मोजले. नाही, मोठी साईज पाहिजे होती.